श्वासाचा हिशेब

दोन वर्षांपूर्वी, श्रावणातल्या एका संध्याकाळी, एक माजी विद्यार्थी प्रस्तुत लेखकाच्या घरी आला. तालुक्याच्या गावी एका पतसंस्थेत तो लिपिक आहे. त्याच्या पत्नीची प्रसूती सातव्या महिन्यातच झाली होती. जन्मले तेव्हा मूल अकराशे ग्रॅमचे होते. जिल्ह्याबाहेरच्या एका मोठ्या रुग्णालयात ते साडेतीन महिने काचेच्या पेटीत आणि श्वसनयंत्रावर होते. त्याचे वजन वाढले होते, आईचा आवाज ऐकला की ते डोळे फिरवीत असे. पण यंत्र बाजूला केले की काही क्षणांत निळे पडत असे. डॉक्टरांनी सांगितले होते की, गळ्याला छिद्र पाडून श्वासनलिकेत नळी बसवावी लागेल आणि पुढे घरीच श्वसनयंत्र ठेवावे लागेल. तयारी असेल तर परवापर्यंत कळवा.

"सर, तुम्ही अर्थशास्त्र शिकवता. मला एवढा हिशेब मांडून द्या," तो म्हणाला.

आम्ही वही घेऊन बसलो. श्वसनयंत्राचे काही लाख. प्राणवायू तयार करणारे यंत्र, कफ ओढून घेणारे यंत्र, इन्व्हर्टर, दर काही दिवसांनी बदलावयाच्या नळ्या. गावातली वीज केव्हा जाते आणि केव्हा येते, याची नोंद. रात्री जागणार कोण? पत्नी आणि आई, आळीपाळीने. म्हणजे पत्नीचे शिवणकाम बंद. तीन एकर कोरडवाहू गहाण ठेवले तर किती मिळतील, थोरल्या मुलीच्या शाळेचे काय, हेही लिहिले. बेरीज झाली. ती पाहून तो काही बोलला नाही. तिसऱ्या दिवशी पतिपत्नींनी रुग्णालयाच्या कागदावर सही केली: 'वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध, स्वेच्छेने, स्वतःच्या जबाबदारीवर घेऊन जात आहोत.' गाडीत मुलाचा मामा हाताने रबरी फुगा दाबीत बसला होता. जिल्ह्याची हद्द लागण्याआधीच ते मूल गेले.

प्रस्तुत लेखाचा हेतू त्या रुग्णालयाला किंवा त्या आईबापांना दोष देण्याचा नाही. दोष असेल तर तो त्या हिशेबाचा आहे. आणि तो हिशेब मी मांडला होता.

यंत्राने जगविले, यंत्रानेच दुखावले

हा आजार काय आहे, हे थोडे समजून घेतले पाहिजे. फुप्फुसातील सूक्ष्म वायुकोश श्वास सोडताना मिटून चिकटू नयेत, म्हणून निसर्ग त्यांना आतून एका द्रव्याचा पातळ लेप देतो. हा लेप गर्भारपणाच्या अखेरच्या आठवड्यांत पुरता तयार होतो. कमी दिवसांच्या मुलाजवळ तो पुरेसा नसतो, हे मेरी एलन ॲव्हरी या अमेरिकन डॉक्टर विदुषीने १९५९ मध्ये दाखवून दिले. त्यानंतर चारच वर्षांनी, ऑगस्ट १९६३ मध्ये, राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा साडेपाच आठवडे आधी जन्मलेला मुलगा याच विकाराने दोन दिवसही न जगता गेला. जगातील सर्वांत सामर्थ्यवान बापाजवळही त्या दिवशी उपाय नव्हता. आज तेवढ्या दिवसांचे आणि तेवढ्या वजनाचे मूल जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षातून बहुधा सुखरूप घरी जाते. साठ वर्षांतील ही प्रगती लहान नव्हे.

परंतु प्रत्येक प्रगती आपल्याबरोबर नवा प्रश्न घेऊन येते. १९६७ मध्ये कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड विद्यापीठात नॉर्थवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका नव्या आजाराचे वर्णन केले. अकाली जन्मलेली जी मुले यंत्राच्या दाबावर आणि प्राणवायूवर वाचली होती, त्यांच्यापैकी काहींची फुप्फुसे त्याच दाबाने आणि त्याच प्राणवायूने जखमी झाली होती. वैद्यकशास्त्र त्याला ब्राँकोपल्मनरी डिस्प्लेझिया म्हणते. पूर्वी ही मुले पहिल्याच आठवड्यात जात, म्हणून हा आजार नव्हता. ती जगू लागली, म्हणून तो आला. यांतील बहुतेक मुले हळूहळू सावरतात. थोड्यांची फुप्फुसे मात्र इतकी दुखावलेली असतात की, महिनोन् महिने गेले तरी यंत्र सुटत नाही. त्यांच्यासाठी पुढचा उपाय म्हणजे गळ्यातली नळी आणि दीर्घकाळाचे कृत्रिम श्वसन.

राहून गेलेला रकाना

इथे आमच्या वहीतली चूक लक्षात येते. मी खर्चाचे सगळे रकाने आखले होते. मुदतीचा रकाना आखला नव्हता. 'कायमची नळी' हा शब्द ऐकून आम्ही दोघांनीही तो खर्च आजन्म धरला होता.

वस्तुस्थिती वेगळी आहे. फुप्फुस हा अवयव जन्मानंतरही वाढतो. पूर्ण दिवसांच्या मुलाचेही बहुतेक वायुकोश जन्मानंतर, मुख्यतः पहिल्या दोन-तीन वर्षांत तयार होतात. म्हणजे जखमी फुप्फुसाच्या शेजारी नवे फुप्फुस वाढत असते. यंत्राने फक्त तेवढा अवधी मिळवून द्यावयाचा असतो. अमेरिकेतील इंडियाना राज्यात घरी श्वसनयंत्रावर ठेवलेल्या अशा १०२ मुलांचा वृत्तांत २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतील ८३ मुले जगली. त्यांपैकी ६९ मुलांचे यंत्र सुटले, आणि यंत्र सुटण्याचे मध्यम वय होते सुमारे २४ महिने. ज्यांचे सुटले त्यांतील जवळजवळ सर्वांचे पाचव्या वाढदिवसापूर्वी सुटले.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला याचा अर्थ सांगावा लागू नये. आजन्म न फिटणारे कर्ज आणि तीन वर्षांचे कर्ज यांचे व्याज सारखे असले, तरी कर्ज घेणाऱ्याची छाती सारखी राहत नाही. मज्जातंतूंच्या काही आजारांत श्वसनाचे स्नायूच दुबळे होत जातात, तेथे यंत्राची मुदत सांगता येत नाही. अकाली जन्मलेल्या मुलाच्या फुप्फुसाचे तसे नाही. दोन्ही ठिकाणी यंत्र तेच, नळी तीच. पण प्रश्न निराळा आहे, आणि तो आईबापांना निराळा करून सांगितला पाहिजे.

अर्थात या आकड्यांचा गैरवापरही करू नये. त्या १०२ मुलांतील १९ दगावली, आणि ती अशा देशात जेथे घरी प्रशिक्षित परिचारिका येते व वीज सहसा जात नाही. नळीत कफ अडकला तर हाताशी काही मिनिटेच असतात. रात्रभर कोणीतरी जागे असावेच लागते. आमच्या वहीत मुदतीचा रकाना असता, तरी उत्तर कदाचित तेच आले असते. पण ते त्या दोघांचे उत्तर असते. आज ते तसे होते, असे मला म्हणवत नाही.

'स्वेच्छा' म्हणजे काय?

बी. ए.च्या वर्गात आम्ही शिकवतो की, निवड होण्यासाठी किमान दोन पर्याय आवाक्यात असावे लागतात. एकच पर्याय आवाक्यात असेल तर जे घडते त्याला निवड म्हणत नाहीत. अंदाजपत्रकाची रेषा जिथे संपते तिथे माणूस थांबतो, एवढेच. सही करणारा हात आईबापांचा असतो. पण मजकूर वीजपुरवठ्याने, रस्त्याने आणि सावकाराच्या व्याजदराने आधीच लिहिलेला असतो.

बीड जिल्ह्याला हे नवे नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास येथून ट्रकच्या ट्रक भरून माणसे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून उचल घेतली जाते ती नवराबायकोच्या जोडीवर. त्या जोडीलाच 'कोयता' म्हणतात. एक दिवस काम चुकले तर खाडा, आणि खाड्याचा दंड. या जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला. शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची ती शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. शस्त्रक्रियेपूर्वी संमतीचा कागद भरून घेण्याची रीत सगळीकडेच आहे. पण त्या कागदांवरच्या किती अंगठ्यांमागे आजार होता आणि किती अंगठ्यांमागे खाड्याची भीती होती, हे कागद पाहून कोण सांगणार? संमती कायद्याने पुरी असते तेव्हाही ती माणुसकीने अपुरी असू शकते.

नवजात मुलाच्या श्वासाबाबत हीच गोष्ट अधिक मुकाट्याने घडते. रुग्णालय म्हणते, आम्ही सल्ला दिला होता. शासन म्हणते, उपचार विनामूल्य होते. नातेवाईक म्हणतात, देवाची इच्छा. आणि 'स्वेच्छेने' हा शब्द त्या आईच्या नावावर आयुष्यभर जमा राहतो.

पैसा कोठे थांबतो?

महाराष्ट्रात महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजना आहे. जननी-शिशू सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११ पासून आजारी नवजात बालकावर सरकारी रुग्णालयात विनामूल्य उपचार होतात. या गोष्टी मोलाच्या आहेत, आणि त्यांनी अनेक घरे वाचविली आहेत. पण या योजनांची बांधणी रुग्णालयातील खाटेभोवती आहे. मूल खाटेवर असेपर्यंत खर्च शासनाचा. ते उंबरा ओलांडून घरी आले की तोच श्वास कुटुंबाच्या खर्चाचा होतो.

हा पेच दुसरीकडेही पडला होता. अमेरिकेत आयोवा राज्यातील केटी बेकेट ही मुलगी मेंदूच्या विकारानंतर श्वसनयंत्रावर अवलंबून होती. सरकारी योजना तिचा रुग्णालयातील खर्च देत होती, घरचा देत नव्हती; म्हणून तीन वर्षांची होईपर्यंत तिचे आयुष्य बहुतांशी रुग्णालयातच गेले. घरापेक्षा रुग्णालयाचा खर्च सहापट असल्याचे नोव्हेंबर १९८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनीच पत्रकारांना सांगितले. १९८२ मध्ये कायदा बदलला, आणि राज्यांना अशा मुलांचा घरचा खर्च देण्याची मुभा मिळाली. केटी पुढे शिकली, आणि २०१२ पर्यंत जगली. सरकारी खर्चात काटकसर हे ज्या राजवटीचे ब्रीद होते, त्या राजवटीने हे केले, हे लक्षात घेण्याजोगे आहे. करुणेचा आणि काटकसरीचा मार्ग तेथे एकच निघाला.

रात्री जागायचे कोणी, या प्रश्नालाही इतिहासात एक उत्तर आहे. १९५२ मध्ये कोपनहेगनमध्ये पोलिओची भयंकर साथ आली. यंत्रे मूठभर होती. ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने रुग्णांच्या गळ्यात नळ्या बसविल्या आणि सुमारे दीड हजार विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, महिनोन् महिने, हाताने फुगे दाबून त्यांना जगविले. त्या नगराने एकेका आईला 'तुमच्या घरी जागणारे कोण आहे?' असे विचारले नाही. जागण्याचे काम नगराने स्वतःवर घेतले. आमच्या गाडीत फुगा दाबणारा एकटा मामा होता.

एक रास्त आक्षेप

माझ्याच विषयाचे सहकारी येथे थांबवून विचारतील: एका मुलाच्या यंत्रावर जाणाऱ्या लाखांत किती मुलांचे प्राण आधीच वाचविता येतील? आक्षेप रास्त आहे, आणि तो टाळू नये. गर्भवतीला मुदतीपूर्वी कळा सुरू झाल्या तर दिलेले स्टेरॉइडचे इंजेक्शन बाळाचे फुप्फुस लवकर पक्व करते, हे न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हॉवी यांनी १९७२ मध्ये दाखविले. औषध अगदी स्वस्त आहे. कळा सुरू झालेल्या बाईला पहिली मात्रा देऊन पुढे पाठविण्याची मुभा केंद्र शासनाने परिचारिकांना २०१४ मध्ये दिली. जागतिक आरोग्य संघटनेने बेळगावसह विकसनशील देशांतील अनेक रुग्णालयांत घेतलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. योग्य देखरेख असेल तर अशा ठिकाणीही या इंजेक्शनाने नवजात मृत्यू घटतात, हे त्यातून सिद्ध झाले.

आपल्या महाराष्ट्राने तर याहून मोठा धडा घालून दिला आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांतील स्त्रियांना नवजात बालकांची घरी जाऊन काळजी घेण्यास शिकविले. त्यांत जन्मतः श्वास न घेणाऱ्या बाळाला श्वास देणेही होते. तिसऱ्या वर्षी तेथील नवजात मृत्यूंचे प्रमाण तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते प्रसिद्ध झाले, आणि पुढे देशातील 'आशा' कार्यकर्तींच्या कामाला त्याचा आधार मिळाला.

तेव्हा पहिला रुपया कोठे जावा, याविषयी माझ्या मनात शंका नाही. तो त्या इंजेक्शनावर, गर्भवती मजूर स्त्रीला शेवटच्या तीन महिन्यांत फडावर जावे लागू नये यावर, आणि फडावर गेलीच तर तेथे तिची तपासणी व्हावी यावर खर्च झाला पाहिजे. उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढणाऱ्या पोटुशीला केवळ 'जपून राहा' म्हणणे हा आरोग्य कार्यक्रम नव्हे. पण पहिला रुपया प्रतिबंधाचा, म्हणून शेवटचा रुपयाही नाकारायचा, हा न्याय होत नाही. ज्या मुलाला आपणच तीन महिने यंत्रावर जगविले, ज्याच्यावर शासनाने खर्च केला, त्याला शंभराव्या दिवशी दारापाशी सोडून देणे हे अर्थशास्त्राच्याही दृष्टीने उधळपट्टीच आहे. गडचिरोलीचा धडा येथेही लागू पडतो. चार यत्ता शिकलेली बाई जर बाळाला श्वास देऊ शकते, तर नळीतला कफ ओढण्याचे आणि आईला चार तास झोपू देण्याचे काम प्रशिक्षित ग्रामीण कार्यकर्ती का करू शकणार नाही?

दोन्ही उत्तरांचा मान

मग करावयाचे काय? प्रत्येक घरी श्वसनयंत्र द्या, अशी माझी मागणी नाही. अशी मुले थोडीच असतात, आणि त्यांतील काहींची फुप्फुसे व हृदय इतके खालावलेले असते की, यंत्र लावणे म्हणजे केवळ यातना लांबविणे ठरते. मागणी एवढीच आहे की, आईबापांना प्रश्न विचारण्यापूर्वी दोन्ही उत्तरे शक्य करून ठेवावीत.

त्यासाठी पहिली गोष्ट म्हणजे बोलणे. 'परवापर्यंत कळवा' ही मुदत बाजारातल्या सौद्याला शोभते. बालरोगतज्ज्ञाने आईसकट सर्वांना एकत्र बसवून सांगावे: सुधारण्याची शक्यता किती, मुदत किती, धोका काय, रोजचे काम काय; आणि ठरावीक काळ प्रयत्न करून पाहता येतो, तो फसला तर थांबताही येते. यंत्र लावले की ते काढता येत नाही, या समजुतीने पुष्कळ माणसे ते लावूच देत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ च्या निकालाने, आणि २४ जानेवारी २०२३ रोजी त्याची रीत सुलभ करून, निरर्थक ठरलेले उपचार मागे घेण्याचा मार्ग दाखविला आहे. ज्याला स्वतःचे मत सांगता येत नाही अशा रुग्णाबाबत कुटुंबीयांची संमती आणि दोन वैद्यकीय मंडळांचा अभिप्राय त्यात आवश्यक मानला आहे. तो मार्ग तालुक्याच्या रुग्णालयापर्यंत अद्याप पुरता पोचलेला नाही.

दुसरी गोष्ट, जे 'हो' म्हणतील त्यांच्यासाठी. मराठवाड्यात एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाने हे केंद्र चालवावे. ग्रामीण भागातील वैद्यकीय महाविद्यालयाची कल्पना १९७४ मध्ये अंबाजोगाईने प्रत्यक्षात आणली, तेव्हा तिलाही लोक हसलेच असतील. यंत्रे विकत नव्हे, उसनी द्यावीत आणि मूल मोकळे झाले की परत घ्यावीत. आईला घरी नेण्याआधी रुग्णालयातच शिकवावे. घरी जागणाऱ्या व्यक्तीचा बुडालेला रोज योजनेत धरावा. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्समध्ये घरी जीवरक्षक यंत्र असणाऱ्यांना वीजबिलात सवलत मिळते आणि वीज बंद ठेवायची असेल तर आगाऊ सूचना दिली जाते. यातील दुसऱ्या गोष्टीला तर फारसा पैसाही लागत नाही.

आणि तिसरी गोष्ट, जे 'नाही' म्हणतील त्यांच्यासाठी. कारण पुष्कळ जण तसेच म्हणतील, आणि तेही प्रेमानेच म्हणतील. त्यांच्या मुलाला धाप लागू नये, वेदना होऊ नयेत, आईच्या मांडीवर त्याला शांतपणे जाता यावे, हाही उपचारच आहे. त्यासाठी औषधे आहेत आणि ती शिकलेली माणसेही आहेत. असे झाले तर त्या आईबापांना 'वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध' असे लिहून द्यावे लागणार नाही. सल्ला घेऊन, सल्ल्यानुसारच ते मूल घरी नेतील.

त्या विद्यार्थ्याने नंतर एकदा मला विचारले, "सर, तेव्हा आपण काही विसरलो का?" मी त्याला मुदतीचे सांगितले. सांगू नये असे क्षणभर वाटले होते; पण ज्याने विश्वासाने हिशेब मागितला, त्याच्यापासून चूक लपविणे बरे नव्हे. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "हे बायकोला सांगू का?" या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही. पुढच्या कोणा बापावर तो प्रश्न विचारण्याची वेळ येऊ नये, एवढे मात्र आपल्या हाती आहे.